‘एमसीआर झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

लालबागहून एका ताईंनी विचारलंय. चाळीच्या गॅलरीत सायकल लावण्यावरून दोन घरांत भांडण झालं, बोलाचाली हाणामारीवर गेली. त्यांच्या चोवीस वर्षांच्या भावावर आणि आणखी दोघांवर गुन्हा दाखल झाला. सुरुवातीला पोलिसांनी नोटीस देऊन घरी पाठवलं. आठ दिवसांनी पुन्हा बोलावून अटक केली आणि ‘कलम वाढलंय’ एवढंच सांगितलं. कोर्टात आधी दोन दिवस ‘पीसी’ मिळाली, मग ‘एमसीआर’ झाला. वकिलांनी जामिनाचा अर्ज टाकलाय, त्यावर ‘से’ मागवलाय. ताई लिहितात, "मी कोर्टात उभी होते. बरंचसं बोलणं मराठीतच चाललं होतं, पण दोन मिनिटांत संपलं आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. गुन्हा अजामीनपात्र आहे म्हणतात, मग तो आता सुटणारच नाही का? भाऊ म्हणतो मी फक्त मध्ये पडलो होतो, आणि पोलिसांनी कुठे कुठे सह्या घेतल्यात तेही त्याला आठवत नाही. शेजारचे म्हणतात, कोर्टात कबूल करून दंड भरून टाका, विषय संपेल. तसं करू का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई झाली तर मागे फिरणं फार अवघड असतं. कबूल करू नका.

शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वेगळ्या केसेस आहेत. रस्त्यावरचा गोंधळ, जुगार, अशा किरकोळ प्रकरणांत मॅजिस्ट्रेट विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" माणूस "हो साहेब" म्हणतो, दंड भरतो आणि संध्याकाळी घरी जेवायला येतो. तुमच्या भावावर जे कलम वाढलंय ते तुम्ही कळवल्याप्रमाणे भारतीय न्याय संहितेचं ११८(२) आहे. त्यात किमान एक वर्ष कैद आहे, दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते, आणि दंड त्याच्या जोडीला येतो. नुसता दंड भरून सुटण्याची सोयच त्या कलमात नाही. शिवाय गुन्हा कबूल की नाकबूल हे विचारण्याची पायरी आरोप निश्चितीच्या वेळी येते. तुमची केस अजून तपासात आहे.

किरकोळ केसमध्येसुद्धा हा सल्ला ऐकण्याआधी थांबावं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला होता. सरकारी नोकरीच्या यादीत नाव लागलं आणि पडताळणीत अडकलं. फॉर्मवर प्रश्न होता, कोणत्याही न्यायालयाने आपल्याला दोषी ठरवले आहे काय? त्याने मनापासून ‘नाही’ लिहिलं होतं. कॉलेजात असताना मित्रांच्या भांडणात त्याचं नाव आलं होतं आणि कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी सांगितलं होतं, "कबूल कर, पाचशे रुपये भर, तारखांना कुठे येत बसतोस?" त्याच्या लेखी त्याने दंड भरला होता, नो पार्किंगचा भरतात तसा. कायद्याच्या लेखी तो दोषी ठरला होता. ‘दोषसिद्धी’ हा शब्द त्याने पहिल्यांदा वाचला तो माझ्या टेबलावर, निकालाच्या नकलेत. त्याच्या वडिलांनी ती नक्कल दोनदा उलटून पाहिली, मागे अजून काही लिहिलंय का म्हणून.

मी सव्वीस वर्षं मुंबईत फौजदारी केसेस चालवतोय. या काळात मला परक्या शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांनीच लोकांचा जास्त घात केलेला दिसला. ‘डिस्चार्ज’ कळला नाही तर माणूस निदान विचारतो. ‘कबूल’, ‘गंभीर’, ‘जबाब’, ‘सहकार्य’ हे शब्द लहानपणापासून आपल्या घरातले. ते कळलेच आहेत असं धरून कुणी विचारत नाही. आणि कोर्टात त्यांचा अर्थ घरातला नसतो.

‘गंभीर’च घ्या. तुमच्या प्रकरणाची किल्ली त्याच शब्दात आहे. आपल्या बोलण्यात अकरा टाके पडले, शर्ट रक्ताने भिजला तर दुखापत गंभीर. कायद्यात ‘गंभीर दुखापत’ ही मोजून दिलेली यादी आहे, न्याय संहितेचं कलम ११६. त्यात आठ प्रकार आहेत. डोळ्याची दृष्टी किंवा कानाचं ऐकणं कायमचं जाणं, अवयव निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं, पंधरा दिवस तीव्र वेदना होणं किंवा तेवढे दिवस रोजची कामं करता न येणं, वगैरे. म्हणजे डोक्याला अकरा टाके पडले पण हाड शाबूत असेल आणि जिवाला धोका नसेल, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर ‘साधी’ असा शेरा येऊ शकतो. आणि करंगळीला बारीकशी चीर गेली, रक्ताचा थेंब नाही, तरी हाड मोडलं म्हणून ती ‘गंभीर’. जखमीच्या घरच्यांना पहिल्या दाखल्याचा राग येतो, आरोपीच्या घरच्यांना दुसऱ्याचा धक्का बसतो.

तुमच्याकडे हेच झालंय. पहिल्या दिवशी हॉस्पिटलच्या दाखल्यात साधी दुखापत होती. बांबूने मारल्याचा आरोप, म्हणून कलम ११८(१): घातक हत्याराने किंवा साधनाने दुखापत, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणून नोटीस देऊन घरी पाठवलं. ती नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची असते, जुने लोक अजून तिला ‘एक्केचाळीस-अ’ म्हणतात. मग एक्स-रे झाला, बोटाचं हाड मोडल्याचं निघालं, आणि बांबूने झालेली दुखापत ‘गंभीर’ ठरली. ११८(१) चं ११८(२) झालं. पोलीस जे ‘कलम वाढलं’ म्हणाले ते हेच. भावाने त्या आठ दिवसांत काही नवीन केलं असा त्याचा अर्थ नाही. वकिलांना तो एक्स-रेचा रिपोर्ट आणि दोन्ही दाखल्यांच्या तारखा नीट पाहायला सांगा. मोडलेलं हाड जुनं आहे की नवं, मार कशाचा, हे पुढे डॉक्टरांच्या उलटतपासात फार महत्त्वाचं होणार आहे.

आता आकड्यांबद्दल थोडं, कारण सध्या मोठमोठ्या माणसांचा गोंधळ तिथे होतोय. १ जुलै २०२४ पासून तिन्ही मुख्य फौजदारी कायदे बदलले. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कुठलं कृत्य गुन्हा आणि शिक्षा किती, ते यात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. अटक, रिमांड, जामीन, खटला कसा चालवायचा, ते यात. आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला दंड संहितेचीच कलमं लागतात, म्हणून कोर्टात आज दोन्ही आकडे ऐकू येतात. आपल्या भाषेत मुरलेली कलमं आता दुसरीकडे गेली आहेत. खून तीनशे दोनचा एकशे तीन झाला, आणि नव्या संहितेतलं तीनशे दोन हे धार्मिक भावना दुखावण्यासाठी शब्द उच्चारण्याबद्दल आहे. चारशे वीसची फसवणूक आता ३१८(४) मध्ये आहे. वकिलांच्या तोंडी असलेलं जुनं ‘चारशे ब्याऐंशी’ म्हणजे हायकोर्टात एफआयआर रद्द करून घेण्याचा अर्ज, ते आता ५२८. आणि नव्या संहितेतलं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. तुमच्या एफआयआरमध्ये ३५१(२) आहे, ते न्याय संहितेचं, धमकी दिल्याबद्दल. पण नागरिक सुरक्षा संहितेतही ३५१ आहे, आणि तिथे तो खटल्याच्या शेवटी न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारतात तो टप्पा. म्हणून कुणी नुसता आकडा सांगितला की एवढंच विचारा, कुठल्या संहितेचं? आणि मोबाइलवर कलम शोधून रात्रभर घाबरत बसण्याआधी तेच तपासा. माझ्याकडे अशा घाबरलेल्या घरांतून फोन येतात, म्हणून कळकळीने सांगतोय.

एफआयआरवर चार-पाच कलमं असतात, त्यांना दोन चाळण्या लावायच्या. पहिली दखलपात्र की अदखलपात्र. दखलपात्र म्हणजे पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करू शकतात, वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्र म्हणजे ज्याला आपण ‘एन.सी.’ म्हणतो, नोंद होते, पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही. शिवीगाळ, धमकी, हाताने केलेली साधी मारहाण ही एरवी एन.सी.ची कलमं. पण त्यांच्या सोबत एक जरी दखलपात्र कलम आलं तर सगळी केस दखलपात्र धरली जाते. भांडणात तुमच्या घरच्यांनाही लागलं असेल आणि तुम्हीही स्टेशनला जाऊन एन.सी. केली असेल, तर तिची प्रत जपून ठेवा. ती वकिलांच्या कामाची आहे.

दुसरी चाळणी जामीनपात्र की अजामीनपात्र. ताई, इथे तुमचा मुख्य प्रश्न येतो. ‘अजामीनपात्र’ हा शब्द ऐकला की जामीन मिळणारच नाही असं वाटतं, आणि शब्दाची घडणच तशी आहे, दोष तुमचा नाही. अर्थ असा: जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, जामीनदार तयार असेल तर पोलीस ठाण्यातूनच सोडावं लागतं. अजामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क म्हणून मागता येत नाही, न्यायाधीशांपुढे अर्ज करून मागावा लागतो आणि देणं न देणं त्यांच्या विवेकावर असतं. अशा गुन्ह्यांत आपल्या कोर्टांतून रोज जामीन होतात. न्यायाधीश पाहतात की आरोप काय, पूर्वीचे गुन्हे आहेत का, पळून जाईल का, साक्षीदारांना त्रास देईल का, तपासासाठी आत ठेवण्याची गरज उरली आहे का. पहिलाच गुन्हा, पत्ता पक्का, नोकरी, हत्यार जप्त झालेलं, या गोष्टी भावाच्या बाजूच्या आहेत.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. ११८(२) चा खटला मॅजिस्ट्रेट चालवतात, पण शिक्षा जन्मठेपेपर्यंत असल्यामुळे काही मॅजिस्ट्रेट जामीन देतात आणि काही ‘सेशन्सला जा’ म्हणून अर्ज फेटाळतात. त्या दिवशी ‘रिजेक्ट’ ऐकलंत तर सगळं संपलं असं समजू नका. तोच अर्ज सेशन्स कोर्टात होतो, आणि त्याच्या वर हायकोर्ट आहे.

आता पीसी आणि एमसीआर. अटक झाल्यावर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं, राज्यघटनेच्या कलम २२ मध्येच ते लिहिलंय. तिथे पोलीस जो मागतात तो रिमांड. पीसी किंवा पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी. माणूस लॉकअपमध्ये, पोलिसांच्या ताब्यात, चौकशीसाठी. एमसीआर म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या कोठडीत, न्यायालयीन कोठडीत. कुणी ‘जेसी’ म्हणतं. मग माणूस जेलमध्ये जातो, पुरुष बहुतेक आर्थर रोडला किंवा जागेप्रमाणे ठाणे-तळोजाला, बायका भायखळ्याला. घरच्यांना ‘जेलमध्ये पाठवला’ हे ऐकून रडू कोसळतं. प्रत्यक्षात आम्हा वकिलांना एमसीआर झाला की थोडा श्वास मिळतो. चौकशीचा मुख्य भाग सरला आणि आता जामिनाच्या अर्जाला वाट मोकळी झाली असा त्याचा व्यवहारातला अर्थ. मात्र पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळायची. नव्या संहितेत एकूण पंधरा दिवस तेवढेच, पण ते तुकड्यातुकड्यांनी, तुमच्यासारख्या केसमध्ये पहिल्या साठ दिवसांत कधीही मागता येतात. म्हणून एमसीआरनंतर पुन्हा पीसी मागितली गेली तर दचकू नका. कारण काय दिलंय ते वकिलांना विचारा.

आणखी एक तारीख वहीत लिहून ठेवा: पहिला रिमांड झाला त्या दिवसापासून नव्वद दिवस. जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात तेवढ्या मुदतीत पोलिसांनी चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. त्याला आम्ही ‘डिफॉल्ट बेल’ म्हणतो. इतर बऱ्याच गुन्ह्यांत ही मुदत साठ दिवसांची आहे. पण तो आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, आणि चार्जशीट येण्याआधी करावा लागतो.

अटकेच्या वेळी भावाला कागद मिळाला का, हे विचारा. अटक का केली याची कारणं लेखी, आणि त्याला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं, आणि लगेच लेखी देणं शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी तरी कागद हातात पडला पाहिजे असं सांगितलं. ‘भाषेत’ या शब्दावर मी जोर देतो. हिंदीच येणाऱ्या माणसाच्या हातात घाईत लिहिलेला मराठी कागद आणि मराठी माणसाच्या हातात इंग्रजी छापील फॉर्म, दोन्ही मी पाहिलेत. तो कागद मिळाला नसेल किंवा त्यात नुसती कलमं लिहिलेली असतील तर वकिलांना लगेच सांगा.

सह्यांचं काय. पोलीस साक्षीदारांचे किंवा आरोपीचे जे जबाब तपासात लिहून घेतात त्यांवर सही घ्यायची नाही, असं कायदाच म्हणतो. आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे भावाने लॉकअपमध्ये घाबरून "हो, मी मारलं" म्हटलं असेल तर त्याने केस बुडाली असं नाही. सही असते ती नोटिशीवर, अटकेच्या फॉर्मवर आणि पंचनाम्यावर. यातला एक कागद नीट समजून घ्या, त्याला ‘निवेदन पंचनामा’ किंवा ‘मेमोरंडम’ म्हणतात. दोन पंचांसमोर आरोपी म्हणतो, "मी बांबू कुठे ठेवलाय ते दाखवतो," मग सगळे तिथे जातात, बांबू जप्त होतो, त्याला लेबल लागतं आणि तो ‘मुद्देमाल’ होतो. या निवेदनातला जेवढा भाग वस्तू सापडण्याशी थेट जोडलेला, तेवढाच पुराव्यात घेता येतो. "याच बांबूने मी मारलं" हे वाक्य त्यात घुसडलेलं असलं तरी ते गळतं. पण बांबू सापडला हे राहतं. भावाला भेटाल तेव्हा विचारा, तुला जिन्याखाली किंवा कुठे घेऊन गेले होते का, सोबत दोन अनोळखी माणसं होती का. या प्रश्नावर त्याला आठवेल. ‘तू कशावर सही केलीस?’ यावर नाही आठवणार.

‘तपासात सहकार्य’ हेही असंच. बोलावलं की जाणं, पत्ता-फोन खरा देणं, कागद मागितले तर दाखवणं, हे सहकार्य. स्वतःविरुद्ध बोलायला कुणालाही भाग पाडता येत नाही, राज्यघटनेचं कलम २०(३). गुन्हा कबूल केला नाही म्हणजे सहकार्य केलं नाही, असा युक्तिवाद कोर्टात होतो, आणि त्याला उत्तर देणं आमचं काम आहे.

भाऊ म्हणतो मी फक्त मध्ये पडलो. एफआयआरच्या शेवटी ३(५) लिहिलंय, जुनं कलम ३४. त्याला ‘समान इरादा’ म्हणतात. तो वेगळा गुन्हा नाही. तिघांनी मिळून एकच गोष्ट करायचं ठरवलं आणि एकाने ती केली, तर तिघांनाही जणू प्रत्येकाने केली असं धरायचं, एवढंच ते सांगतं. ठरवणं आधी बसून व्हावं लागत नाही, भांडणाच्या जागीही होऊ शकतं. पण नुसतं तिथे असणं पुरत नाही. म्हणून एफआयआरमध्ये भावाच्या नावापुढे नेमकी कुठली क्रिया लिहिली आहे ते शब्दन्‌शब्द वाचा. ‘धरून ठेवले’ असं असेल तर गोष्ट वेगळी, ‘सोबत होता’ असेल तर वेगळी. जामिनाच्या युक्तिवादात आम्ही त्या एका क्रियापदावर दहा मिनिटं बोलतो. एफआयआरची प्रत तुमच्याकडे नसेल तर ती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळू शकते. नाजूक स्वरूपाचे गुन्हे तिथे टाकत नाहीत, पण हा त्यातला नाही.

‘से’ म्हणजे म्हणणं. अर्जावर सरकारी पक्षाचं, म्हणजे तपास अधिकारी आणि सरकारी वकील यांचं उत्तर. ते येईपर्यंत तारीख पडते. त्या दिवशी अधिकारी ‘से’ घेऊन आले नाहीत तर पुन्हा तारीख. यात कुणी मुद्दाम छळतंय असं लगेच धरू नका. पण दुसऱ्यांदा तसंच झालं तर वकिलांना कोर्टाच्या नजरेस आणायला सांगा. रोजनाम्यात त्या दिवशी काय झालं ते लिहिलं जातं. केसचा सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाच्या नोंदीतला तिचा ओळख क्रमांक, मागून घ्या, ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख तुम्हाला स्वतःला पाहता येईल.

दुसऱ्या बाजूशी मिटवायचं म्हणत असाल तर तोही शब्द सैल आहे. काही गुन्हे फिर्यादीच्या संमतीने त्याच कोर्टात मिटतात, त्यांना आपसात मिटवण्याजोगे गुन्हे म्हणतात. ११८ त्या यादीत नाही. दोन्ही घरं एकत्र येऊन, फिर्यादीचं प्रतिज्ञापत्र घेऊन हायकोर्टात गुन्हा रद्द करून मागावा लागतो, आणि ते मानणं हायकोर्टाच्या हाती असतं. चाळीत बसून कागदावर सह्या केल्याने एफआयआर जात नाही. आणि जामिनावर निर्णय व्हायच्या आधी फिर्यादीच्या दारात माणसं पाठवू नका. चांगल्या मनाने गेलात तरी ‘साक्षीदारावर दबाव’ असं ‘से’ मध्ये लिहून येईल.

पुढचे शब्द थोडक्यात, ते यायला वेळ आहे. तपासात पुरेसं काही मिळालं तर चार्जशीट. मिळालं नाही तर आपल्याकडे ‘समरी’ म्हणतात: ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही, ‘बी’ म्हणजे फिर्याद खोडसाळपणे खोटी, ‘सी’ म्हणजे खरंही नाही खोटंही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचं. चार्जशीटनंतर, आरोप ठेवण्याइतकंही त्यात नसेल तर डिस्चार्जचा अर्ज करता येतो. खटला पूर्ण चालून सुटका झाली तर ते ॲक्विटल. वर्तमानपत्रं दोन्हींना कधी ‘दोषमुक्त’ लिहितात, म्हणून वकिलांना इंग्रजी शब्दच विचारा. आणि अधूनमधून ‘चॅप्टर केस’ची नोटीस एसीपी साहेबांकडून आली तर घाबरू नका, दुर्लक्षही करू नका. ती शांतता राखण्याचा बॉण्ड घेण्याची कारवाई आहे, या गुन्ह्याचा खटला नव्हे. हजर राहून वकिलांमार्फत लेखी उत्तर द्यायचं असतं.

राहिला शेवटचा शब्द, ‘जामीन झाला’. वकिली सुरू करून तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. दुपारी ऑर्डर झाली, मी एका आईला फोन करून सांगितलं, "बेल झाली," आणि दुसऱ्या कोर्टात निघून गेलो. त्या बाईंना वाटलं मुलगा सुटला. मुलाचा धुतलेला शर्ट पिशवीत घेऊन त्या आर्थर रोडच्या भिंतीला लागून रात्री नऊपर्यंत उभ्या होत्या. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं, आणि त्या दिवसापासून मी ‘ऑर्डर झाली’ आणि ‘सुटका झाली’ हे दोन वेगळे शब्द वापरतो आणि मधलं सगळं समजावून सांगतो.

मधलं ते असं. ऑर्डरमध्ये रक्कम असते आणि बहुतेक वेळा ‘एक किंवा दोन जामीनदार’ असतात. जामीनदार म्हणजे आरोपी तारखेला येईल याची हमी घेणारा. त्याचे कागद कोर्ट तपासतं. ‘पीआर बॉण्ड’ म्हणजे आरोपीचा स्वतःचा जातमुचलका. ‘कॅश बेल’ म्हणजे जामीनदार मिळेपर्यंत रोख भरून सुटणं. ती वकिलांना खास मागावी लागते, मग काही आठवड्यांची मुदत मिळते. हे सगळं झालं की सुटकेचा आदेश निघतो, तो जेलमध्ये पोहोचतो, आर्थर रोडला दारावर त्यासाठी जामीन पेटी आहे, आणि मग नाव पुकारलं जातं. ऑर्डरनंतर दोन-तीन दिवस लागले तर ते नेहमीचं आहे. पैशांअभावी किंवा जामीनदार नसल्याने अडलं तर रक्कम कमी करण्याचा, अट सैल करण्याचा अर्ज करता येतो. ऑर्डर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय.

वकिलांची फी झेपत नसेल तर सरळ सांगा, लाजू नका. कोठडीत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती ते पाहत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

तारखेपर्यंत तुमचं काम एकच, जामीनदार तयार ठेवणं. मुंबईत राहणारा, पत्ता न बदलणारा कुणी मामा, काका, ऑफिसातला माणूस. त्याचं आधार कार्ड, रेशन कार्ड, पगाराची स्लिप आणि नोकरीचं पत्र, फोटो, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही. कोर्टाने ऐपतदारीचा दाखला मागितला तर तो तहसीलदार कार्यालयातून लागतो आणि त्याला दिवस जातात, म्हणून वकिलांना आजच विचारा की या कोर्टात तो मागतात का. आणि त्या जामीनदाराला समजावून सांगा की भाऊ तारखेला आला नाही तर रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. हे कळल्यावरही जो ‘हो’ म्हणेल, त्यालाच सोबत न्या.